मोटारींवरचे रेडिओ माहितीपट ऑनलाइन कसे ऐकावेत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रात्रीची जेवणं आटोपली की हेडफोन लावून मोटारींच्या गोष्टी ऐकायच्या, हा माझा गेल्या सात-आठ वर्षांचा शिरस्ता आहे. आयर्लंड, अमेरिका, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जिथून मिळेल तिथून. ओळखीपाळखीचे लोक, त्यातही गॅरेजवाले, कारखान्यातून निवृत्त झालेले आणि लांबचा प्रवास करणारे, मला तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच नीट लिहून ठेवावं म्हणून हे पान.

मोटार ही बघायची वस्तू. ती ऐकायची कशाला?

आमच्या घराशेजारी गॅरेज होतं. तिथले मिस्त्री लांब दांडीचा स्क्रू-ड्रायव्हर चालू इंजिनवर टेकवायचे, मूठ कानामागच्या हाडाला लावायचे आणि डोळे मिटून घ्यायचे. दुसऱ्या हाताने ॲक्सिलरेटरची केबल जराशी ओढून सोडायचे. पाच-दहा सेकंदांनी डोळे उघडून ‘तिसऱ्याचा टॅपेट’ एवढंच म्हणायचे आणि पाना उचलायचे. त्यांचा अंदाज चुकलेला मी क्वचितच पाहिला. गाडीत काय बिघडलंय ते आधी कानाला कळतं हे मी तिथे शिकलो.

दुसरं कारण माणसांचं. व्हिडिओत गाडी समोर आली की नजर रंगावर, चाकांवर, डॅशबोर्डवर जाते आणि ती बनवणारा, विकणारा, चालवणारा माणूस मागे पडतो. रेडिओवर गाडी दिसतच नाही, म्हणून माणूस ऐकू येतो. तीस वर्षं एकाच लाइनवर दरवाजे बसवलेल्या कामगाराचा आवाज त्याच्या कारखान्याविषयी बोलताना कुठे अडखळतो, ते ऐकताना तो शेजारी बसून बोलतोय असं वाटतं.

रेडिओ माहितीपट आणि पॉडकास्ट यांत फरक काय?

पॉडकास्ट ही पोचवण्याची रीत झाली आणि माहितीपट हा ऐवज. दोन मित्र माइकसमोर बसून नव्या गाडीविषयी तासभर गप्पा मारतात, तेही पॉडकास्टच. माहितीपटात कुणीतरी घराबाहेर पडलेलं असतं. त्या गावी जाऊन लोकांशी बोललेलं असतं, जुनी ध्वनिमुद्रणं धुंडाळलेली असतात आणि वीस-वीस तासांच्या मुलाखतींतून अर्धा तास निवडलेला असतो.

आकाशवाणीकडे यासाठी फार सुंदर शब्द आहे: रूपक. ‘माहितीपट’ या शब्दात पडदा आहे, रूपकात नाही. पण आता रूपक म्हटलं की नव्या श्रोत्याला कवितेतला अलंकार आठवतो, म्हणून या पानावर नाइलाजाने माहितीपट हाच शब्द ठेवला आहे.

एकच ऐकायचा असेल तर कोणता?

अमेरिकेतल्या ‘धिस अमेरिकन लाइफ’ या कार्यक्रमाचा ‘नूमी’ हा भाग. २०१० साली पहिल्यांदा प्रसारित झाला, लांबी सुमारे तासभर, आणि त्यांच्या संकेतस्थळावर फुकट ऐकता येतो.

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट गावात जनरल मोटर्सचा कारखाना होता. कामगार आणि व्यवस्थापन यांच्यात उभा दावा. लोक कामावर पिऊन यायचे, सोमवारी तर यायचेच नाहीत. राग काढायचा म्हणून दरवाजाच्या पत्र्याआड कोकची बाटली किंवा सुटा बोल्ट टाकून द्यायचे, म्हणजे गिऱ्हाईक जन्मभर खडखड ऐकत बसेल. लाइन मात्र काही झालं तरी थांबवायची नाही, हा दंडक. चुकीची जोडणी झालेली गाडी तशीच पुढे जायची. १९८२ मध्ये कारखान्याला टाळं लागलं.

मग टोयोटा आली. दोन्ही कंपन्यांच्या भागीदारीत १९८४ मध्ये तोच कारखाना ‘नूमी’ या नावाने पुन्हा सुरू झाला आणि कामावर घेतले ते बहुतेक जुनेच कामगार. त्यांतल्या अनेकांना शिकायला जपानला पाठवलं. तिथे त्यांनी एक दोरी पाहिली. लाइनवरच्या कुणालाही काम चुकतंय किंवा मागे पडतंय असं वाटलं तर ती ओढायची. ओढली की धून वाजते, गटप्रमुख धावत येतो आणि मदत करतो, आणि तरीही अडचण सुटली नाही तर अख्खी लाइन थांबते. ज्यांना आयुष्यभर ‘थांबायचं नाही’ एवढंच सांगितलं गेलं होतं त्यांना हे पाहून काय वाटलं, ते त्यांच्याच तोंडून ऐकायला हवं. निरोपाच्या वेळी जपानी आणि अमेरिकी कामगार एकमेकांच्या गळ्यात पडून रडले.

माझे सासरे चिंचवडच्या एका कारखान्यात असेंब्ली लाइनवर होते. त्यांना हा भाग मी थांबवून थांबवून मराठीत सांगत ऐकवला. दोरीचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी हाताने थांब अशी खूण केली. म्हणाले, “दोरी ओढल्यावर कुणी त्याच्यावर ओरडलं नाही?” मी म्हटलं, नाही. त्यांनी तेवढा तुकडा पुन्हा लावायला सांगितला, आणि मग तिसऱ्यांदा. भोसरी-चाकणकडे कारखान्याच्या भिंतीवर ‘कायझेन’चा, म्हणजे कामात सतत थोडी थोडी सुधारणा करण्याच्या जपानी रीतीचा, फलक नसेल असं क्वचितच. त्या शब्दामागे माणसांनी एकमेकांवर किती विश्वास टाकावा लागतो, हे सासऱ्यांना फलकावरून कधी कळलं नव्हतं, त्या धूनवरून कळलं.

गोष्ट गोड संपत नाही. फ्रीमाँटला जमलं ते कंपनीच्या बाकीच्या कारखान्यांत रुजवताना फार वर्षं गेली. २००९ मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरी जाहीर केली, २०१० च्या एप्रिलमध्ये नूमी बंद पडलं. ती जागा नंतर टेस्लाने घेतली. का जमलं नाही याची उत्तरं भागाच्या उत्तरार्धात आहेत आणि तीच सर्वांत मोलाची आहेत, म्हणून अर्ध्यावर सोडू नका.

याच कार्यक्रमाचा ‘१२९ कार्स’ हा २०१३ चा भागही घ्या. न्यूयॉर्कजवळच्या लॉंग आयलंडवरची एक गाड्यांची शोरूम, महिन्याचे शेवटचे दिवस आणि १२९ गाड्यांचं टार्गेट. शोरूममध्ये किंवा फायनान्सवाल्यांकडे ज्याने महिनाअखेर काढली आहे, त्याच्या पोटात ऐकताना गोळा येईल.

तासभर बसणं होत नाही. छोटं काही?

बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचा ‘विटनेस हिस्टरी’ दहा मिनिटांच्या आत-बाहेर असतो. एखादी घटना, ती पाहिलेला किंवा तिच्याशी जवळचा संबंध असलेला एक माणूस आणि जुनं ध्वनिमुद्रण, बस्स. व्होल्वोच्या निल्स बोलिन यांनी १९५९ मध्ये तीन टोकांचा सीटबेल्ट आणला आणि कंपनीने तो इतरांनाही वापरू दिला. असले विषय या मापात चपखल बसतात.

अर्थतज्ज्ञ टिम हारफर्ड यांच्या आधुनिक अर्थव्यवस्था घडवणाऱ्या ५० गोष्टींच्या बीबीसी मालिकेत डिझेल इंजिनावर एक भाग आहे. रुडॉल्फ डिझेल २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून नाहीसे झाले. आपल्या शेतातल्या पंपापासून एसटीपर्यंत ज्यांचं नाव रोज घेतलं जातं, त्या माणसाचा शेवट असा झाला.

‘नाइन्टीनाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’ या अमेरिकी पॉडकास्टचा ‘द मॉडर्न मोलोक’ हा भागही फार मोठा नाही. रस्ता आधी पायी चालणाऱ्यांचा आणि खेळणाऱ्या पोरांचा होता, तो १९२० च्या दशकात अमेरिकी शहरांत मोटारींचा कसा झाला, त्याची ही गोष्ट. १९२३ मध्ये सिनसिनाटी शहरात ४२,००० लोकांनी सह्या करून मागणी केली होती की गाड्यांना ताशी २५ मैलांवर, म्हणजे चाळीस किलोमीटरवर, अडवणारं यंत्र बसवा. मोटारवाल्यांनी जोर लावला आणि मतदानात ती मागणी पडली. हे ऐकल्यावर लक्ष्मी रस्त्याने चालताना मला रस्ता निराळाच दिसायला लागला.

शोधताना नुसते नव्या गाड्यांचे रिव्ह्यू येतात. चांगलं सापडायचं कसं?

या प्रश्नाला मी सर्वांत जास्त वेळ देतो, कारण याची किल्ली हाती आली की बाकीची यादी तुमची तुम्ही करता. ‘कार’ हा शब्द टाकूच नका. ब्रँडचं नावही नको. कारखान्याच्या गावाचं नाव टाका, रोमन लिपीत, आणि पुढे ‘रेडिओ डॉक्युमेंटरी’.

गाव कुठलं? आपल्या दारात ज्या गाड्या उभ्या राहिल्या त्यांचं माहेर शोधा. अँबॅसडरचं माहेर ऑक्सफर्डजवळचं काउली. तिथली मॉरिस ऑक्सफर्ड बंगालात उत्तरपाड्याला आली आणि २०१४ पर्यंत बनत राहिली. बजाजच्या स्कूटरचं माहेर इटलीतलं पोंतेदेरा. विमानं बनवणाऱ्या पियाज्जोने युद्धानंतर १९४६ मध्ये तिथे व्हेस्पा काढली. पुढे त्यांच्याच परवान्यावर बजाजने स्कूटर बनवली आणि १९७२ मध्ये स्वतःची चेतक आणली. बुलेटचं माहेर इंग्लंडातलं रेडिच. जीपचं ओहायोतलं टोलेडो. तिथली विलीस जीप महिंद्रांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत जोडायला घेतली. आणि आपली पद्मिनी ही तुरिनच्या फियाट ११०० ची लेक, कुर्ल्याला वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरमध्ये वाढलेली. तुरिनला फियाटचा लिंगोट्टो कारखाना होता, ज्याच्या गच्चीवर गाड्या पळवून बघायचा ट्रॅक होता. लिंगोट्टो हा शब्द टाकून बघा.

आता ज्या गावांशी आपलं नातं नाही पण गोष्ट जबरदस्त आहे ती. डॅगनम, लंडनच्या पूर्वेला: फोर्डच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायका १९६८ मध्ये संपावर गेल्या, कारण त्यांचं शिवणकाम बिनकौशल्याचं ठरवलं होतं. त्यातूनच १९७० चा समान वेतनाचा कायदा झाला. डनमरी, बेलफास्टजवळ: डेलोरियनची स्टीलची, पंखासारखे दरवाजे वर उघडणारी गाडी आणि १९८२ मध्ये बुडालेला कारखाना. लाँगब्रिज, बर्मिंगहॅमला: २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली आणि हजारो कामगार घरी बसले. एलिझाबेथ, दक्षिण ऑस्ट्रेलिया: २० ऑक्टोबर २०१७ ला होल्डन या तिथल्या कंपनीची शेवटची गाडी लाइनवरून उतरली.

अशा गावांतली म्हातारी माणसं बोलायला उत्सुक असतात आणि तिथली स्थानिक केंद्रं त्यांना शोधून काढतात. मुख्य शहरातल्या मोठ्या निर्मात्यापेक्षा कधीकधी त्यांचंच काम सरस निघतं.

परदेशी केंद्रं भारतातून ऐकता येतात का? पैसे पडतात का?

बहुतेक फुकट ऐकता येतात. आयर्लंडच्या आरटीईचा ‘डॉक्युमेंटरी ऑन वन’ हा माझ्या मते या कलेतला मुकुटमणी. त्याचा हजाराहून अधिक माहितीपटांचा साठा जगात कुठूनही खुला आहे. ऑस्ट्रेलियाच्या एबीसी रेडिओ नॅशनलचा ‘द हिस्टरी लिसन’, कॅनडाच्या सीबीसीचा ‘आयडियाज’, अमेरिकेच्या एनपीआरची मंडळी, सगळे मिळतात.

बीबीसीबद्दल मात्र गोंधळ आहे. २०२५ मध्ये त्यांनी ‘साउंड्स’ हे ॲप ब्रिटनबाहेरच्या श्रोत्यांसाठी बंद केलं. जुने लेख वाचून तुम्ही ते उघडाल तर हात हलवत परत याल. आता रेडिओ ४ आणि वर्ल्ड सर्व्हिस बीबीसीच्या मुख्य संकेतस्थळावर आणि ‘बीबीसी’ नावाच्या ॲपवर शोधा. त्यांचे पुष्कळ माहितीपट पॉडकास्ट म्हणून इतर ॲपवरही येतात.

काही भाग ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ म्हणतात, त्याचं कारण बहुतेक वेळा हक्कांचं असतं. गाणं वाजवण्याची किंवा शर्यतीचं समालोचन देण्याची परवानगी त्यांनी त्यांच्या देशापुरतीच घेतलेली असते. तोच माहितीपट गाणी वगळून पॉडकास्टमध्ये येतो, म्हणून तिथे एकदा पाहा.

एक कळकळीची सूचना: आवडलं की लगेच ऐका. एका परदेशी केंद्राची ट्रकचालकांवरची मालिका मी दिवाळीच्या सुट्टीत निवांत ऐकायची म्हणून राखून ठेवली होती. दोनच भाग ऐकून झाले आणि बाकीचे मुदत संपली म्हणून संकेतस्थळावरून गेले. अजून चुटपुट लागून राहिली आहे.

ॲप कोणतं घेऊ?

पॉकेट कास्ट्स, ॲपल पॉडकास्ट्स, स्पॉटिफाय, कुठलंही चालेल. अँड्रॉइडवर मी अँटेनापॉड वापरतो. फुकट आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडावं लागत नाही. गूगल पॉडकास्ट्स २०२४ मध्ये बंद झालं, ते शोधू नका.

भाग थेट प्रसारणाच्या वेळी ऐकायचा तर?

फारसं कारण नाही, पण त्याची गोडी वेगळी, हेही खरं. लंडन आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार तास मागे. म्हणजे तिथला रात्री आठचा कार्यक्रम आपल्याकडे थंडीत दीड वाजता, मे महिन्यात साडेबाराला. ‘रेडिओ गार्डन’वर पृथ्वीचा गोल फिरवून कुठल्याही गावाच्या ठिपक्यावर बोट ठेवलं की तिथलं केंद्र लागतं. माझ्या पुतण्याने डेट्रॉइट लावून तिथली सकाळची ट्रॅफिकची बातमी ऐकली आणि तो किती खूश झाला!

माहितीपट नसला तरी एक अपवाद सांगतोच: जूनमध्ये ल मांची २४ तासांची शर्यत. ‘रेडिओ ल मां’ तिचं इंग्रजी समालोचन ऑनलाइन देतं. दुपारी चारला सुरू होणारी शर्यत आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला सुरू होते. पहाटे तीनला सगळं घर झोपलेलं असताना कॉमेंटेटर दमलेल्या आवाजात पिटमधलं चाक बदलणं सांगत असतो, तेव्हा आपणही तिथेच जागे आहोत असं वाटतं.

डेटा किती जातो?

नेहमीच्या १२८ केबीपीएस दर्जाला तासाला ५८ एमबीच्या आसपास, ६४ ला त्याच्या निम्मा. प्रवासाला निघण्यापूर्वी वायफायवर उतरवून घ्या. ताम्हिणी किंवा वरंधा घाटात रेंज जाते ती नेमकी गोष्टीच्या ऐन भरात जाते.

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकलं तर चालेल?

बोलणं चालेल, इंजिन नाही. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आयडलवर मिनिटाला ८०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्यात दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला २७ च्या आसपास. एवढा खर्जातला आवाज मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला झेपतच नाही. त्यातून ऐकू येते ती वरवरची टकटक. कान पूर्ण झाकणारा साधा वायरचा हेडफोन घ्या. जुन्या गाडीला हँडल मारलं जातं, ती दोनदा फुरफुरते, तिसऱ्यांदा पकडते आणि मग निर्मात्याने मुद्दाम पाच सेकंद कुणालाही बोलू दिलेलं नसतं. ती पाच सेकंदं हेडफोनवरच मिळतात.

त्यांचं इंग्रजी कळत नाही. काय करू?

लाजू नका, बेलफास्टचा कामगार लंडनच्या माणसालाही पटकन कळत नाही. ‘धिस अमेरिकन लाइफ’ आणि ‘नाइन्टीनाइन पर्सेंट इन्व्हिजिबल’ यांच्या संकेतस्थळांवर भागाचा अख्खा मजकूर लिहिलेला असतो. पहिल्यांदा तो समोर ठेवून ऐका, दुसऱ्यांदा नुसतं ऐका. ॲपमध्ये वेग ०.८ करता येतो.

शब्दांचं म्हणाल तर आपलं गॅरेज ब्रिटिश इंग्रजी बोलतं. बॉनेट, सायलेन्सर, गिअरबॉक्स, मडगार्ड हे ब्रिटिश माहितीपटात लगेच ओळखू येतील. अमेरिकी माणूस मात्र बॉनेटला हूड म्हणतो, डिकीला ट्रंक, सायलेन्सरला मफलर. आणि त्याचा ‘गॅस’ म्हणजे पेट्रोल, सीएनजी नव्हे. या एका शब्दाने माझ्या एका रिक्षावाल्या मित्राचा अख्ख्या भागाचा अर्थच फिरला होता.

उलट ‘स्टेपनी’ म्हटलं तर आजचा इंग्रज बुचकळ्यात पडेल. वेल्समधल्या लानेली गावात स्टेपनी स्ट्रीट आहे. १९०४ च्या सुमाराला तिथल्या डेव्हिस बंधूंनी पंक्चर झालेल्या चाकावर चढवायचं जादा चाक विकायला काढलं आणि रस्त्याचं नाव त्याला चिकटलं. तिकडे तो शब्द विसरला गेला. आपल्याकडे एसटीच्या ड्रायव्हरपासून शाळेतल्या पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे.

ॲव्हरेज सांगताना ते मैल आणि गॅलन वापरतात, आणि गॅलनही दोन. ब्रिटिश गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकी पावणेचार लिटरचा. तीस मैलांचं ॲव्हरेज अमेरिकी माणसाने सांगितलं तर लिटरला पावणेतेरा किलोमीटर, ब्रिटिशाने सांगितलं तर साडेदहाच्या जरासं वर.

मी जर्मनीत असतो. इंग्रजी सोडून काही?

तुमची तर चंगळ आहे. डॉइचलँडफुंक या जर्मन रेडिओचे माहितीपट मोकळेपणी ऐकता येतात. जर्मन कच्चं असलं तरी ट्राबांट या गाडीवरचं काही सापडलं तर सोडू नका. पूर्व जर्मनीत झ्विकाउला १९९१ पर्यंत तीसेक लाख ट्राबांट बनल्या. टू-स्ट्रोक, दोन सिलिंडर, बॉडी कापसाच्या टाकाऊ तंतूंपासून बनवलेल्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागायचं. ज्यांनी पंपावर ‘टू-टी घाला’ म्हणत स्कूटर चालवली आहे, त्यांना भाषा न कळताही तो टरटर आवाज घरचा वाटेल, आणि निळा धूर नाकाशी आल्यासारखा होईल.

मराठीत असं काही मिळेल का?

पोटतिडकीने सांगतो: फार थोडं. आकाशवाणीची मराठी केंद्रं ‘न्यूजऑनएअर’ ॲपवर थेट ऐकता येतात आणि कधीमधी एखादं सुरेख रूपक लागून जातं. बीबीसी मराठीच्या ‘गोष्ट दुनियेची’ या ध्वनिमालिकेत जगभरचे विषय मराठीत उलगडतात. पण मोटारींवर आपल्या भाषेत सलग असं काम मला मिळालेलं नाही.

विषयांचा तोटा आहे का? १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये रस्त्यावरून उतरली. त्या मीटरची घंटी, कडी ओढून उघडायचा दरवाजा, स्टेअरिंगजवळचा गिअर बदलतानाचा खटका. ज्यांनी हयात त्या गाडीत काढली ते चालक अजून मुंबईत आणि आपापल्या गावी आहेत. पुण्याची लूना आहे. वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, जिथे देशभरच्या गाड्या तपासल्या जातात. यातल्या प्रत्येकावर तास-तासाचं रूपक होईल.

गाडी चालवताना ऐकावं का?

चारचाकीत, गाडीच्या स्पीकरवर, हॉर्न आणि इंजिन ऐकू येईल इतक्याच आवाजात, जरूर. भाग निघण्याआधी लावून ठेवा; चालत्या गाडीत फोनला हात नको. दुचाकीवर कानात इअरफोन घालून कधीही नाही. मागून येणारा डंपर कानालाच आधी कळतो.

आमच्या घरात एसटीतून निवृत्त झालेले आजोबा आहेत. त्यांचं बोलणं रेकॉर्ड करायचं आहे. कसं करू?

लवकर करा. फोनमधला रेकॉर्डर पुरेसा आहे. फोन त्यांच्या तोंडापासून वीतभर, खाली घडी घातलेला टॉवेल. पंखा बंद, कुकर उतरवलेला. पडदे, गाद्या असलेली खोली निवडा, स्वयंपाकघरात आवाज घुमतो.

‘तुमच्या नोकरीविषयी सांगा’ असं विचारलं तर ते दोन वाक्यांत आटोपतील. हाताविषयी विचारा. पहिली गाडी कुठली होती, गिअर कुठल्या बाजूला, घाटात ब्रेक तापले की वास कसा यायचा, मुक्कामी गाडी गेली की झोपायचे कुठे, थंडीत सकाळी गाडी चालू कशी करायचे. ते गप्प बसले तर तुम्ही लगेच बोलू नका. पाच सेकंद थांबा. पुढचं वाक्य बहुतेक वेळा त्या दिवसातलं सर्वांत चांगलं वाक्य असतं.

बोलणं संपल्यावर त्या खोलीतली नुसती शांतता एक मिनिट रेकॉर्ड करा, जोडकाम करताना ती लागते. जमलं तर त्यांना घेऊन डेपोत जा, आधी डेपो व्यवस्थापकांना विचारा, आणि सकाळी पहिली गाडी चालू होताना फोन पुढे धरा. फाइलला नाव, गाव, तारीख घाला आणि दोन ठिकाणी ठेवा.